अपीच्या झोपेचा पंचनामा

ईट, ता. भूम
७ जानेवारी

सोनाली हिस,

नवऱ्याने बायकोला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचा असतो, असं आईचं म्हणणं. पण तू बारावी पास आणि मी नववीतून घरी बसलेला. आशीर्वाद राहू दे. बरी आहेस ना, एवढंच विचारतो.

रविवारी फोनवर झालं ते परत नको. तुमच्या ट्रेनिंग सेंटरात मोबाइल जमा करून घेतात आणि आठवड्यातून एकदा घटकाभर देतात. त्यात तुझा आवाज ऐकून आपली तान्ही अपी रडली, तिचा ऐकून तू रडलीस आणि तुम्हा दोघींचा ऐकून आई. बोलणं राहिलंच. तू म्हणालीस तसं आता लिहूनच कळवतो. पोस्टात अंतर्देशीय मागितलं तर मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "कोर्टाचं काम हाय का?" म्हटलं, नाही, बायकोला लिहायचंय. तर म्हणाले, "मग कोर्टापेक्षा जपून लिही."

अपीचं सांगतो. अपी छान झोपते.

दिवसभर ती आईजवळ असते. संध्याकाळचं दूध आटवून मी कोंडीरामअण्णांच्या खव्याच्या भट्टीवरून आलो की तिला माझ्याकडे घेतो आणि तू दाखवलंस तसंच सगळं करतो. कोमट फडक्याने अंग पुसतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं डब्यातलं दूध पाजतो. खांद्यावर घेऊन ढेकर काढतो. मग तुझ्या जांभळ्या साडीचे जे दोन तुकडे करून दिलेस, त्यातल्या एकात बांधतो. हात छातीपाशी, साडीचं एक टोक पाठीखालून, दुसरं वरून. कमरेखाली सैल, पाय बेडकासारखे हलले पाहिजेत. उताणी ठेवतो, तोंडावर काही येऊ देत नाही. मग ती एक जांभई देते आणि कढईखालचा जाळ ओढल्यावर खवा जसा गप होतो तशी गप होते.

आईला माझं बांधणं बघून हसू येतं. म्हणते, "आरं, लेकरू हाय का खव्याचा गोळा? कोंडीरामाच्या टेम्पोत टाकायचंय व्हय तिला?"

तू इकडची काळजी करू नको. कवायतीत लक्ष दे. मागच्या वर्षी अपी पोटात होती म्हणून सेंटरने तुला पुढच्या तुकडीत घेतलं. दुसऱ्यांदा घेणार नाहीत, आता सोडलं तर भरतीतून नाव कायमचं जाईल, हे तूच मला समजावलं होतंस.

तुझा
उत्तरेश्वर

---

ट्रेनिंग सेंटर, मुलींची बराक
१४ जानेवारी

अहो,

पत्र मिळालं. आज संक्रांत. मेसमध्ये जेवणानंतर प्रत्येकीला एक तिळाचा लाडू दिला. उस्ताद, म्हणजे आमची कवायत घेणारे, एरवी आमच्यावर खेकसतात, ते पण "गोड बोला" म्हणाले आणि लगेच पळायला लावलं.

अपी झोपते हे वाचून बरं वाटलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी होते तेव्हा ती संध्याकाळी किती छळायची. पदर सोडायची नाही. माझंच काहीतरी चुकत असणार.

माझ्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची इरम्मा आहे. अंगाने दांडगी आणि बोलायला त्याहून. ती पडल्या पडल्या घोरायला लागते. मी ऐकत पडते. ते घोरणं असलेलं बरं, नाहीतर मला भलतेच आवाज ऐकू येतात.

तिचं बोरन्हाण करा. काळं झबलं कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

सोनाली

---

ईट
२० जानेवारी

सोनाली हिस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात रागाचा एकही शब्द नाही आणि तरी तू रागावलीस असं वाटतं. चूक तुझी काही नव्हती. तू असताना ती तुला बघून लाडात यायची, एवढंच.

बोरन्हाण झालं. गल्लीतली पोरं जमली. आईने डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतले. अपीने एक बोर मुठीत धरलं ते सोडेना. तोंडात घालायच्या आत मी काढून घेतलं. काळ्या झबल्यात ती छोट्या फौजदारासारखी दिसत होती.

एक गोष्ट लपवत नाही. आईने साडीचे दोन्ही तुकडे धुतले. मी भट्टीवर होतो. घरी आलो तर दोन्ही दोरीवर, आणि साबणाचा वास. मी आईवर ओरडलो. तू जाताना म्हणाली होतीस, माझ्या अंगाचा वास राहू द्या, एक तुकडा धुतला तर दुसरा नको. आई म्हणाली, "मुताचा वास येत हुता, तो बी ठिवायचा का तुझ्या बायकूची आठवण म्हणून?" आईचंही बरोबर होतं. पण दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं, आणि अपीला एकमेकांकडे देताना सुद्धा आम्ही तिच्याशीच बोलत होतो. "अपे, तुझ्या बापाला सांग, दूध गरम हाय." "अपे, आजीला सांग, कळलं."

पण तू मनाला लावून घेऊ नको. वास गेला तरी अपी झोपते. काही फरक पडला नाही.

तुझा
उत्तरेश्वर

---

ट्रेनिंग सेंटर
२८ जानेवारी

अहो,

वास गेला तरी झोपते. काही फरक पडला नाही. हे वाक्य तुम्ही चांगल्या मनाने लिहिलं असणार, ते मला माहीत आहे.

सव्वीस जानेवारीच्या संचलनात मी दुसऱ्या रांगेत होते. मैदानाच्या पलीकडे, बघायला आलेल्या माणसांत, कुणाचं तरी लेकरू रडलं. माझ्या छातीतून दूध आलं. खाकी गणवेशावर दोन डाग. दाहिने देख म्हणताना सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या, माझी खाली. इथं आल्यापासून छाती दगडासारखी होते. इरम्माने ओढणीने आवळून बांधायला घेतलं होतं, पण दवाखान्यातल्या सिस्टरने सोडायला लावलं. म्हणाली, हळूहळू कमी होईल, तोवर दुखलं की थोडं पिळून टाक. मी मोरीत उभी राहून टाकते. तुम्ही दुधाच्या धंद्यातले, तुम्हाला सांगायला नको की दूध सांडताना कसं वाटतं.

आणि तिकडे ती डब्यातलं पिऊन, माझा वास नसलेल्या कपड्यात, जांभई देऊन झोपते.

मी अर्ज लिहून ठेवला आहे. घरगुती कारणास्तव प्रशिक्षण सोडत आहे, असा. देणार आहे. ती मला विसरून गेल्यावर पोलीस होऊन काय करू? तिला पकडून आणू का?

सोनाली

---

ईट
२ फेब्रुवारी

सोनाली,

अर्ज देऊ नको. हे पत्र पूर्ण वाच आणि मग काय ते ठरव.

मी खोटं लिहिलं. अपी झोपत नाही.

तू गेल्यापासून एकही संध्याकाळ धड गेलेली नाही. मला वाटलं खरं लिहिलं तर तू येशील. आता खोटं लिहिलं म्हणून येतेस. मला काही सुधरत नाही, म्हणून जसं आहे तसं लिहितो.

मी घरी येतो तेव्हा ती आईजवळ पाय उडवत खेळत असते. मला बघून हसते सुद्धा. अंग पुसेपर्यंत ठीक असतं. दूध पिते, पोटभर पिते, ढेकर देते. साडीत बांधतो, तोवर डोळे जड झालेले असतात. मग तू करायचीस तसं तिला छातीशी धरून हळूहळू फिरतो, आणि तिथंच सगळं बिघडतं. ती मान इकडं तिकडं घासायला लागते. माझ्या शर्टाला तोंड लावते. पाखराच्या पिलासारखा आ करते. मग जे रडते ते असं, की समोरच्या घरातले दार उघडून बघतात. बाटली दिली तर जिभेने ढकलते. पोट भरलेलं असतं ना. खाली ठेवलं तर अंग ताठ करते, उचललं तर परत तेच. बांधलेलं सोडवतो, परत बांधतो. मला वाटतं माझ्या बांधण्यात खोट असावी. खव्याचा गोळा ओल्या फडक्यात बांधायला मला कोंडीरामअण्णांनी तीनदा शिकवलं होतं, तेव्हा कुठं जमलं. इथं शिकवणारी तू नाहीस.

मला वाटतं साडी धुतल्यामुळं झालं. मला वाटतं ती माझ्या चेहऱ्यात तुझा चेहरा शोधते. आईला वाटतं दृष्ट लागली. तिने मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका अपीला लागू नये म्हणून मी तिला घेऊन अंगणात पळालो, आणि आई आत खोकत म्हणते, "बघ, किती लागली हुती!"

परवा आढ्याला झोळी बांधायची म्हणून आई दोरी घेऊन उभी होती. म्हणाली, "तू बी ह्याच आढ्याला लोंबकळत वाढलास. काय झालं तुला?" मी म्हटलं, नववी नापास झालो. तेव्हा कुठं दोरी ठेवली.

आजारी नाही. भूमच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. कान, घसा, पोट, सगळं बघितलं. वजन वाढतंय. आशा वर्कर ताई येऊन गेल्या, बांधायची पद्धत बरोबर आहे म्हणाल्या.

एकदाच ती झोपली. तुझ्या कागदांसाठी मी धाराशिवला गेलो होतो, शेवटच्या एसटीने परत आलो. त्या दिवशी बांधता बांधता झोपली. शेवटचं टोक खोचायच्या आत. मी उभाच राहिलो, हलायची भीती वाटली. आई म्हणते दुपारी तिने परत दृष्ट काढली होती, तिचा गुण. दुसऱ्या दिवशी पुन्हा दृष्ट काढली, पण पुन्हा तेच रडणं.

दिवसा आईजवळ झोपते, सोनाली. फक्त माझ्याजवळ झोपत नाही. मला वाटतं तिला मी नको आहे. तू ये म्हणायला लाज वाटते आणि येऊ नको म्हणायला भीती.

उत्तरेश्वर

---

ट्रेनिंग सेंटर
८ फेब्रुवारी

अहो,

पत्र वाचून आधी तुमचा राग आला. मग पेटीवर बसून रडले. मग इरम्माला वाचून दाखवलं, कारण मला एकटीला ते पेलेना. ती म्हणाली, "नवरा खोटं बोलला म्हणून नोकरी सोडतात व्हय? मग महाराष्ट्रात एक बाई पोलीस राहायची न्हाय." तिने माझा अर्ज काढून घेतला आणि तिच्या ट्रंकेत टाकला. किल्ली कमरेला. मी अजून ठरवलेलं नाही. पण ठरवायच्या आधी मला नीट कळलं पाहिजे.

आम्हाला सध्या पंचनामा शिकवतात. कायद्याचे सर म्हणतात, जागेवर जे दिसलं ते लिहायचं, जसं दिसलं तसं लिहायचं, आणि 'मला वाटतं' एकदाही लिहायचं नाही. तुमच्या पत्रात 'मला वाटतं' इतके वेळा आहे की सरांनी ते परत पाठवलं असतं.

तर आता वाटणं बाजूला ठेवा. घराच्या उंबऱ्यातून आत आल्यापासून काय काय होतं ते लिहा. खोलीत दिवा कुठला, चूल पेटलेली असते का, कुत्रं भुंकतं का, अपीच्या अंगावर काय असतं, तुमच्या अंगावर काय असतं, तिला कुठल्या हातावर घेता, तोंड कुठं येतं, काय बोलता, काय गुणगुणता. आत्याबाई, तुमच्या आई, कुठं बसलेल्या असतात. आणि धाराशिवच्या दिवशी यातलं काय वेगळं होतं. अशी आणखी एखादी बरी संध्याकाळ गेली असेल तर ती पण लिहा. क्षुल्लक म्हणून काही गाळू नका. सर म्हणतात, चोर क्षुल्लक गोष्टीतच सापडतो.

आणि ती तुम्हाला बघून हसते असं तुम्हीच लिहिलं आहे. नको असलेल्या माणसाला बघून कोणी हसत नाही.

वाट बघते.

सोनाली

---

ईट
१३ फेब्रुवारी

सौ. सोनाली, पोलीस प्रशिक्षणार्थी, यांस,

पंचनामा लिहून देतो की, मी खाली सही करणार उत्तरेश्वर, राहणार ईट, धंदा खवा आटवणे, आज रोजी माझ्या राहत्या घरी पंच नामे दगडाबाई, नाते माझी आई, यांच्या समक्ष जे दिसलं ते लिहीत आहे. पंचाचं म्हणणं की अंगठा लावणार नाही, साक्षरता वर्गाला गेली होती, सही करीन. "आन् त्यात लिही, लुगडं मी धुतलं त्यात माझी चूक न्हाय." लिहिलं.

उंबऱ्यातून आत आलो तेव्हा दिवेलागण झालेली होती. खोलीत एकच बल्ब, तो मी कापडाने झाकलेला. चूल विझलेली, राख गरम. कुत्रं नाही. समोरच्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता, दार लावल्यावर कमी झाला. पंच भिंतीला टेकून, गुडघ्याला तेल चोळत. अपीच्या अंगावर पांढरं झबलं, कानटोपी नाही, कारण डोकं गरम लागत होतं.

माझ्या अंगावर भट्टीवरचा निळा शर्ट आणि लुंगी. हातपाय धुतले, कोपरापर्यंत. शर्ट बदलला नाही. बदलायला वेळ नसतो, कारण उशीर झाला की ती पेंगून चिडते. शिवाय भट्टीवरून आल्यावर अंग गरम असतं, थंडीच्या दिवसांत तिला ऊब मिळते.

डाव्या हातावर डोकं घेतलं. तोंड माझ्या छातीच्या डाव्या बाजूला आलं, खिशाच्या खाली. गुणगुणत काही नाही, मला गाणं येत नाही. मी तिला कढईचं सांगतो. दूध आलं, जाळ लावला, ढवळा ढवळा, उतू जाऊ देऊ नका, कडेचं खरवडा, घट्ट होत आलं, आता उतरवा. हेच परत परत. पंचाचं म्हणणं की हे ऐकून कुणालाही रडू येईल.

घट्ट होत आलं इथपर्यंत डोळे मिटत होते. मग मान घासली, शर्टाला तोंड लावलं, आ केला आणि रडायला लागली. इथं पंचाने मध्ये बोलून सांगितलं, "तिला भूक न्हाय, मी पैज लावते." पोट हाताला टणक लागलं. भरलेलं होतं.

धाराशिवच्या दिवशी वेगळं म्हणजे, भट्टीवर गेलो नव्हतो. अंगावर लग्नातला पांढरा शर्ट होता, कारण ऑफिसात जायचं होतं. एसटीत खिडकीची जागा मिळाली होती. पंचाने दृष्ट काढलेली होती.

आणखी एक संध्याकाळ आठवली. भट्टीवरच्या मशीनची मोटर जळाली तेव्हा कोंडीरामअण्णांनी दूध परत पाठवलं, मी दुपारीच घरी आलो, न्हालो. त्या संध्याकाळी थोडी कुरकुरली आणि झोपली. तेव्हा मला, 'वाटलं' लिहायचं नाही, पण मी समजलो की दुपारभर माझ्याजवळ खेळून दमली.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

(सही) उत्तरेश्वर
(सही) दगडाबाई

ता. क. सही करून आई म्हणाली, "तिला सांग, लेकराला बघायला म्या हाय. तू तुजी शिट्टी फुकत रहा." सांगितलं.

---

ट्रेनिंग सेंटर
१९ फेब्रुवारी

अहो,

निळा शर्ट!

तो शब्द वाचला आणि मी मोठ्याने हसले. आजूबाजूच्या सगळ्यांनी माना वर केल्या. तुमचा पंचनामा मी मैदानाच्या कडेला बसून वाचत होते आणि त्या ओळीपाशी मला आपलं घर डोळ्यांसमोर आलं, तुम्ही दारातून आत येताना, आणि तुमच्या आधी आत येणारा तो वास.

तुम्हाला तो येत नाही. तुम्ही दिवसभर त्यातच असता. पण भट्टीवरून आलेला तुमचा शर्ट म्हणजे आटलेलं दूध, करपलेली खरवड, साय, सगळं त्यात मुरलेलं. पोटुशी असताना मला त्याने उलट्या व्हायच्या म्हणून मी तुम्हाला दारातूनच न्हाणीत पाठवायचे. अपी झाल्यावरही ती सवय राहिली. तुम्हाला वाटायचं मी नखरे करते. मी आले इकडे, आणि तुम्हाला न्हाणीत पाठवणारं कोणी राहिलं नाही.

अहो, ज्या लेकराचं आईचं दूध नुकतं सुटलं, त्याचं नाक तुम्ही दुधात बुडालेल्या शर्टात धरता. पोट भरलेलं असलं तरी ते तोंड उघडणारच. मग तिथं काही नाही. बटण आहे. तिच्या जागी मी असते तरी रडले असते. तुम्ही तिला निजवत नाही, रोज पंगतीला बोलावता आणि पान वाढत नाही.

धाराशिवच्या दिवशी लग्नातला शर्ट. मोटर जळाली तेव्हा अंघोळ. दिवसभर आत्याबाई, त्यांच्या अंगाला गुडघ्याच्या तेलाचा वास. सगळं जुळतं. दृष्ट काढली ती राहू द्या, पण शर्ट बदला. अंग धुवा, डोक्यावरून. मग धरा.

बांधणं तुमचं बरोबर आहे. बेडकाचे पाय बरोबर आहेत. कढईचं सांगणं पण चालू ठेवा, मला ते आवडलं. फक्त आशा ताईंनी मला जाताना सांगितलेलं एक विसरू नका. ती अंग वळवायला, कुशीवर व्हायला लागली की त्या दिवसापासून बांधणं बंद. हात मोकळे पाहिजेत, पालथी पडली तर तिला तोंड उचलता आलं पाहिजे.

मला इतके दिवस वाटत होतं की मी तिथं नाही म्हणजे मी कुठंच नाही. पण शर्ट मला इथून दिसला. तुम्हा दोघांना तिथं बसून दिसला नाही.

इरम्माकडून अर्ज मागून घेतला. ती द्यायला तयार नव्हती. मी सांगितलं, कागद पाहिजे, दुकान बंद आहे. हे पत्र त्याच्याच पाठीमागे लिहिलं आहे. उलटून बघा. हवं तर फाडून टाका, पण ही बाजू ठेवा.

सोनाली

---

ईट
२ मार्च

सोनाली,

उलटून बघितलं. तुझं अक्षर त्या बाजूला फार सरळ आहे, भीती वाटावी इतकं. फाडलं नाही. एका कागदाच्या दोन बाजू, एक कशी फाडणार.

आता नीट सांगतो, या वेळी सगळं खरं.

पहिल्या संध्याकाळी मी भट्टीवरच अंघोळ केली. कोंडीरामअण्णा म्हणाले, "लगीन हाय का कुणाचं?" घरी येऊन धुतलेला शर्ट घातला. आईने जवळ येऊन माझा वास घेतला, बैल विकत घेताना घेतात तसा, आणि म्हणाली, "डोस्क्यात राहिलाय." परत डोकं धुतलं. अपीला घेतलं. तिने मान घासली, थांबली, नाक उडवलं, आणि माझ्या खांद्यावर झोपली. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तिच्या हसण्याने अपी परत उठली. मग आम्ही तिघंही जागे. पण ते जागणं वेगळं होतं.

रोज तसंच होतं असं नाही. परवा नुसतीच रडली, कारण कळलं नाही. काल लवकर झोपली आणि पहाटेच उठून गप्पा मारत होती. पण आता ती माझ्यावर तोंड टाकून रडत नाही. आई गल्लीत सांगत फिरते, "माझी सून तिकडं बसून चोर धरती. पहिला चोर घरातलाच निघाला."

आता दुसरं. मंगळवारी दुपारी आईने हाक मारली म्हणून भट्टीवरून पळत आलो. अपी गोधडीवर कुशीवर वळली होती. एक हात अंगाखाली अडकला होता, तो कसा काढायचा ते तिला कळत नव्हतं, आणि रडायच्या ऐवजी रागाने बघत होती. मग तिने तो स्वतःच ओढून काढला.

त्या संध्याकाळपासून बांधणं बंद केलं. तुकडा हातात घेऊन उभा राहिलो, घडी घातली, ठेवला. हात मोकळे ठेवून झोपवताना मला फार भीती वाटली. हात आपोआप उडतात, ती दचकते, मी दचकतो. दोन-तीन संध्याकाळी दोघंही दचकत होतो. आता तिने आपली मूठ तोंडाजवळ नेऊन ठेवायची सवय लावून घेतली आहे. तू बांधायला शिकवलं होतंस. सोडायचं ती स्वतःच शिकली, मला फक्त बघत बसावं लागलं.

तुझ्या पहिल्याच पत्रात इरम्मा घोरते. म्हणजे तू ते ऐकायला जागी असतेस. हे मला फार उशिरा कळलं. मी अपीच्या झोपेचा विचार करत होतो, तुझ्या झोपेचं मी विचारलंच नाही.

सोबत पार्सलात जांभळ्या साडीचा एक तुकडा पाठवतो. अपीला आता नको. तू पांघर. शेवटच्या दिवशी तिच्या अंगावर होता तोच आहे. धुतलेला नाही. आईला हात लावू दिला नाही, आणि या वेळी तिने भांडणही केलं नाही. फक्त पिशवीचं तोंड घट्ट बांध म्हणाली. ते बांधायला मला येतं.

तुझा
उत्तरेश्वर

---

ट्रेनिंग सेंटर
१० मार्च

अहो,

पार्सल मिळालं. पोलीस सेंटर आहे, त्यामुळे गेटवर उघडून बघतात. शिपायाने तुकडा बाहेर काढला, नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "हे काय, मॅडम?" मी सांगितलं, पुरावा आहे.

जास्त लिहीत नाही, दमले आहे. आज पहाटेची शिट्टी मला ऐकू आली नाही. इरम्माने दोनदा हलवलं, मग खाटच हलवली. मैदानावर पोचले तेव्हा तुकडी निम्मी पळून झाली होती. उस्तादांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय, झोप लागली होती का?"

मी म्हटलं, हो सर.

मैदानाच्या पाच फेऱ्या जादा मारायला लावल्या. मारल्या. इरम्मा कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

अपीला सांगा.

सोनाली